वाघावर ठरलेली मजुरी

वाघ दिसला की पाचशेची नोट, नाही दिसला की हसून ‘थँक यू’. कान्हाच्या जंगलात पाहुण्यांना फिरवणाऱ्या माणसाची कमाई बरीचशी या हिशेबावर चालते. पगार किती, हे कुणी कुणाला विचारत नाही. संध्याकाळी गाड्या परत आल्या की एकच प्रश्न असतो, “मिला क्या?” त्याचा अर्थ वाघ मिळाला का आणि टिप मिळाली का, असा दोन्ही होतो.

मी २००९ च्या पावसाळ्याच्या शेवटी या कामात शिरलो. घर वारासिवनीचं, बालाघाट जिल्ह्यातलं. वडील विणकर. घरात मराठी, तीही आमच्याकडची, जिला पुण्याचे पाहुणे “तुम्ही नागपूरचे का?” असं विचारतात आणि नागपूरचे “भंडाऱ्याकडचे दिसता” म्हणतात. शाळा हिंदीतून, कॉलेजात वनस्पतिशास्त्र, इंग्रजी कामापुरती. कान्हाचं मुक्की गेट आमच्याच जिल्ह्यात येतं, पण तोवर मी ते एकदाच पाहिलं होतं, कॉलेजच्या सहलीत. तिकडच्या एका लॉजला नॅचरॅलिस्ट हवा होता. लॉजचं नाव महत्त्वाचं नाही. तशी तिथे बरीच आहेत आणि व्यवहार सगळीकडे साधारण सारखाच होता.

नॅचरॅलिस्ट म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. उद्यानात शिरणाऱ्या प्रत्येक जिप्सीत वनखात्याकडे नोंदलेला एक गाइड बसवावाच लागतो. गेटवर त्यांची पाळी लागते, ज्याचा नंबर त्याची गाडी. ही बहुतेक आसपासच्या गावांतली गोंड आणि बैगा मुलं. त्यांची फी खात्याने ठरवलेली असते. म्हणजे रोज ठरलेला, पण गाडी मिळाली तरच. नॅचरॅलिस्ट हा लॉजचा माणूस. तो पाहुण्यांबरोबर त्यांच्या मुक्कामभर असतो, बऱ्याचदा गाडीही तोच चालवतो, जंगलात माहिती देतो, रात्री जेवणाआधी पडद्यावर फोटो दाखवून गप्पा मारतो. पहाटे साडेचारला उठायचं, गेट उघडायच्या आत रांगेत गाडी लावायची, अकराला परतायचं, तीनला पुन्हा निघायचं, अंधार पडताना बाहेर यायचं आणि साडेसातला अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून हसतमुख उभं राहायचं. मी मोजलं होतं, जागेपणाचे साडेअकरा-बारा तास कामातच जात.

पहिल्या भेटीत मॅनेजरसाहेबांनी देऊ केलं ते असं: तीन महिने ‘ट्रेनिंग’, त्यात पगार नाही. मग महिना अडीच हजार. राहणं-जेवणं फुकट. जुलै ते सप्टेंबर उद्यान बंद, त्यामुळे ते तीन महिने घरी. “और टिप तो है ही. सीझन में पगार से ज्यादा टिप बनती है भैया.” हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना आवाज जरा खाली आणून, म्हणजे जणू हे फक्त मलाच सांगताहेत.

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि बसने घरी आलो. बसमध्ये तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. अडीच हजार भागिले तीस, म्हणजे रोज त्र्याऐंशी रुपये. रोजगार हमीवर तेव्हा मजुरी शंभरच्या आसपास होती. माती खोदणाऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त आणि तोही संध्याकाळी आपल्या घरी जातो. वर्षाचा हिशेब तर याहून वाईट. तीन महिने ट्रेनिंगचे शून्य, तीन महिने पावसाळ्याचे शून्य, उरलेल्या सहांचे पंधरा हजार. पंधरा हजार भागिले बारा, हे मी तिकिटावर लिहिलंच नाही.

वडील मागावर होते. त्यांनी ऐकून घेतलं. धोट्याचा आवाज थांबला नाही. त्यांची स्वतःची मजुरी आयुष्यभर नगावर होती. सूत महाजनाचं, माग आपला, साडी झाली की तिचे पैसे. मला वाटलं होतं ते म्हणतील, टिप मिळते तर घे, आम्ही पण नगावरच जगलो. ते म्हणाले, “मी नगावर काम करतो कारण साडी माया हातातली आहे. आज बसलो तर परवा उतरते. वाघ का तुया हातातला आहे?” मग थोड्या वेळाने, “जे आपल्या हातात नाही त्याच्यावर मजुरी लावून घेऊ नोको. दिवसाची लाव.”

पुढे मी पगारावर पुष्कळ बोलणी केली, स्वतःची आणि दुसऱ्यांचीही. त्यासाठी लागणारं मूळ भांडवल एवढंच होतं.

दुसऱ्या भेटीला जाताना मी तीन गोष्टी माहीत करून घेतल्या. पहिली, लॉजचे आधीचे दोन्ही नॅचरॅलिस्ट त्या उन्हाळ्यात सोडून गेले होते, एक बांधवगडला आणि एक पेंचला. ही गोष्ट मला गेटसमोरच्या चहावाल्याने सांगितली. नोकरीच्या गावी पहिली ओळख चहावाल्याशी करावी असं माझं मत तेव्हापासून आहे. दुसरी, दिवाळीच्या सुट्टीत नागपूर आणि पुण्याकडची कुटुंबं मोठ्या संख्येने येतात, आणि लॉजमध्ये मराठी बोलणारा एकही माणूस नव्हता. तिसरी गोष्ट रिसेप्शनच्या टेबलावर उघडीच पडली होती, दरपत्रक. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं मला देऊ केलेल्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त होतं.

मी सहा हजार मागितले. मॅनेजरसाहेब हसले. माणूस वाईट नव्हता. स्वतः जबलपूरचा, मालक दिल्लीत, पगारावरचा माणूसच. ते म्हणाले, “इथे पैसा खर्च कुठे होतो? राहायला आहे, खायला आहे.” मी म्हटलं, सर, माझा पैसा इथे खर्च होणारच नाही, तो वारासिवनीत होतो. ट्रेनिंगबद्दल ते म्हणाले, “तुला अजून काही येत नाही, तर पगार कशाचा?” खरं होतं. मला झाडं येत होती, पक्षी अर्धे येत होते आणि वाघाचा माग मी पुस्तकातच पाहिला होता. पण ट्रेनिंगमध्ये मी गाडी धुणार होतो, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणार होतो, दुर्बिणी पुसणार होतो, नाश्त्याचे डबे भरणार होतो. हे काम करायला येतं, त्याचे पैसे द्या, असं मी म्हटलं. मग त्यांनी पुन्हा टिप काढली. मी म्हटलं, टिप पाहुण्याने माझ्यावर खूश होऊन दिलेली असते, ती लॉजच्या पगारात कशी धरायची? याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं हा प्रश्न त्यांनाही कधीतरी पडलेला असावा.

ठरलं ते असं: पहिले तीन महिने तीन हजार, मग बेचाळीसशे. पावसाळ्यात अर्धा पगार, पण त्या बदल्यात ऑगस्टमध्ये पंधरा दिवस येऊन गाड्यांची आणि कुंपणाची कामं बघायची. आठवड्याला एक दिवस सुट्टी, पाहुणे नसतील त्या दिवशी. अपघाती विमा मागितला, त्यावर “देखते हैं” मिळालं, आणि पुढची दोन वर्षं तेच मिळत राहिलं. कागदावर लिहून द्या म्हटलं तर साहेबांना जरा लागलं. तरी त्यांनी लॉजच्या पॅडवर चार ओळी लिहून सही केली. सहा हजारांच्या मानाने हे काही फार नव्हतं. पावसाळ्याची ओळ मात्र मला सगळ्यात जास्त किमतीची वाटली.

कामावर गेलो आणि कळलं, शिकवणारा माणूस लॉजमध्येच आहे. हजेरीपुस्तकात त्याच्यासमोर ‘माळी’ लिहिलेलं होतं.

सगळे त्यांना बाबा म्हणायचे. बैगा, साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे. पगार अठराशे. सकाळी झाडांना पाणी घालायचे. ते झालं की पाहुण्यांना गावाच्या कडेच्या जंगलात पायी फिरवून आणायचे. उद्यानाच्या आत गाडीतून उतरता येत नाही, म्हणून हे पायी फिरणं लॉजच्या माहितीपत्रकात ‘नेचर वॉक’ या नावाने होतं, माणशी चारशे रुपये. त्याच पानावर बाबांचा फोटोही होता, डोक्याला फडकं, हातात कुऱ्हाड, नजर दूर कुठेतरी. त्या चारशेतला एक रुपया त्यांच्याकडे येत नव्हता.

बाबांबरोबर दुभाषा म्हणून जायचं, हे माझं काम. त्यांची बोली छत्तीसगढीच्या जवळची. ते बोलत, मी हिंदीत, मराठीत, मोडक्या इंग्रजीत सांगत असे. खरं म्हणजे ते फार बोलत नसत. एका जागी उभं राहून वाकत, मातीवर हात धरत. सांबर इथे थांबलं होतं, घाबरून नाही, मीठ चाटायला. अस्वल रात्री वारुळाशी आलं, पण मुंग्या खोल गेल्या होत्या म्हणून सोडून गेलं. मला कॉलेजात सरईचं शास्त्रीय नाव शिकवलं होतं, शोरिया रोबस्टा. बाबांनी शिकवलं की सरईच्या वाळक्या पानांवरून वाघ जातो तेव्हा आवाज येत नाही, चितळ जातं तेव्हा येतो, आणि माणूस गेला तर गावापर्यंत ऐकू येतो. हे शेवटचं माझ्या चालण्याबद्दल होतं.

शिकारीच्या काळाबद्दल मी खोदून विचारायचो. त्या भागात वाघावर पोट भरणाऱ्या माणसांची ती पहिली पिढी. स्वातंत्र्यानंतरही मध्य भारतातल्या जंगलांत शिकार जोरात चालली होती. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत, त्यांचे परवाने निघत, आणि परदेशी पाहुण्यांना शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्याही होत्या. नागपूरची ऑल्विन कूपर ही त्यांतली नावाजलेली. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणाआधी ती चालवली होती. १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं, तिथली बंदूक थांबली, पण बाहेर ती चालूच होती. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत कान्हा होतं. जॉर्ज शॅलर यांनी याच जंगलात १९६३ ते ६५ राहून वाघाचा आणि हरणांचा अभ्यास केला. मी पाहुण्यांना हे सगळं सांगतो. त्यांना आवडतं.

बाबांच्या आठवणीत यातलं एकही साल नव्हतं. त्यांना आठवत होता हाका. पोरवयात ते हाक्यात डबा वाजवत. मोठ्या माणसाला आठ आणे, पोरांना चार. वडील पुढे, माग काढायला. गारा कुठे बांधायचा, म्हणजे वाघासाठी बोदा कुठल्या ओढ्याशी ठेवायचा, मचाण कुठल्या झाडावर, वारं कुठलं, हे सगळं तेच ठरवायचे. वाघ पडला की त्यांना वेगळी बक्षिशी. नाही पडला तर तेच आठ आणे, आणि वर साहेबाचा राग. “गोळी साहेबाची चुकायची,” बाबा म्हणाले, “पैसे आमचे कापले जायचे.” ते हे हसतच सांगत. शिकारीवरची जी जुनी इंग्रजी पुस्तकं मी पुढे वाचली, त्यांत अशा माग काढणाऱ्यांचं कौतुक पानोपानी आहे. वाघाची लांबी इंचांत आहे. त्यांचा रोज काय होता, हे मला कुठे सापडलं नाही.

मग बंदी आली, गावं आतून हलवली गेली. कान्हातली कित्येक सुंदर मैदानं, जिथे आज बारशिंगे चरतात आणि पाहुणे फोटो काढतात, ती त्या उठलेल्या गावांची शेतं आहेत. बारशिंग्यांसाठी ते झालं, हेही खरं. १९७० मध्ये ते सहासष्टच उरले होते, आणि ते वाचले ते याच मैदानांमुळे. बाबा यावर कधी काही बोलले नाहीत. वनखात्यात रोजंदारीवर आग विझवायची कामं केली आणि मग लॉजवर आले, एवढंच सांगत.

हाका गेला, बंदूक गेली, पण पैसे वाघावरच लागत राहिले. माझ्या सुरुवातीच्या काळात उद्यानात ‘टायगर शो’ चालायचा. माहूत पहाटे हत्ती घेऊन निघत, वाघ शोधून त्याला हत्तींनी धरून ठेवत, वायरलेसवर निरोप येई आणि गाड्या टोकन घ्यायला धावत. मग पाहुण्यांना हत्तीवर बसवून वाघापर्यंत नेत. ज्या दिवशी शो नसे त्या दिवशी आमचे हाल. पाहुण्यांची तोंडं सकाळी नऊलाच पडलेली. अशा वेळी नीलपंख दाखवला तर ते सभ्यपणे बघतात. ड्रायव्हर आरशातून आपल्याकडे बघत असतो, गेटचा गाइड मान वळवून बघत असतो, आणि तिघांच्याही डोक्यात तोच हिशेब असतो. मग कुठेतरी वानराचा इशारा ऐकू येतो आणि सोळा गाड्या एका वळणावर येतात. वाघाची वाट अडते, धूळ उडते, कुणीतरी ओरडतं. आम्हाला नियम माहीत होते. पण नियम मोडण्यात पाचशे रुपये होते आणि पाळण्यात काही नव्हतं.

यावर मी एक सुचवलं आणि त्याने माझे काही मित्र कमी झाले. लॉजवर एक डबा ठेवायचा, सगळी टिप त्यात. महिनाअखेरीस स्वयंपाकघरातल्या पोरापासून ड्रायव्हरपर्यंत आणि बाबांपर्यंत वाटायची. माझ्यासोबतचा दुसरा नॅचरॅलिस्ट, माझ्याहून अनुभवी, भडकला. त्याचं म्हणणंही पोकळ नव्हतं. तो म्हणाला, पगार कमी आहे म्हणून टिप आहे, तू टिपही वाटून टाकतोस, मग मालक पगार कशाला वाढवेल? दोन महिने वाद चालला. शेवटी अर्ध्यावर आलं, अर्धी ज्याची त्याची, अर्धी डब्यात. त्या हंगामात माझ्या हाती कमी पडलं. पण वळणावर गाडी मागे घेताना पूर्वीइतकं जड वाटेनासं झालं, आणि ड्रायव्हरही आरशातून कमी बघू लागला. मी याला समाधान म्हणणार नाही, हिशेबच म्हणेन.

पगारावरची खरी बोलणी कशी करायची असतात, हे मी २०१० च्या होळीच्या आधी पाहिलं.

मार्च-एप्रिलची बुकिंगं भरली होती. उन्हाळ्यात पाण्यावर वाघ हमखास दिसतो, म्हणून ते दिवस सोन्याचे. मॅनेजरसाहेबांनी बाबांना बोलावून सांगितलं, होळीनंतर रोज दोन वॉक. बाबा म्हणाले, होळीनंतर मी येत नाही. मोह पडेल.

साहेबांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, पगार कापावा लागेल. बाबा म्हणाले, कापा. आवाजात चीड नव्हती, नाटकही नव्हतं. पाऊस पडेल तसा मोह पडेल, एवढंच ते सांगत होते. साहेब म्हणाले, दुसरा माणूस बघावा लागेल. बाबांनी मान हलवली, बघा. आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना हिशेब करून दाखवला, कारण तो मी आधीच बाबांकडून विचारून घेतला होता. बाबांच्या घरची मोहाची पाच झाडं. घरातले सगळे पहाटे वेचायला. वाळवून दीड क्विंटलच्या आसपास होत असे, त्या वेळी बारा-तेरा रुपये किलो. शिवाय घरी ठेवायचा तो वेगळा. त्यानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता. लॉजचे अठराशे रुपये ही त्यांच्या वर्षातली एक कमाई होती, एकमेव नव्हती. माझ्याकडे चहावाल्याची बातमी होती, दरपत्रक होतं, दिवाळीचे मराठी पाहुणे होते. बाबांकडे पाच झाडं होती, आणि ती माझ्या तिन्ही गोष्टींहून भारी निघाली. दुसरा माणूस मिळाला असता, पण आसपासच्या गावांतला प्रत्येक जाणता माणूस त्याच तीन आठवड्यांत आपापल्या झाडाखाली असणार होता.

तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटलं, बाबा गेले तर पायी फिरायला मी एकटा पाहुण्यांना नेणार नाही. मला अस्वलाचा माग कालचा की आजचा हे खात्रीने कळत नाही, आणि चुकलो तर जीव पाहुण्याचा जाईल. ही धमकी नव्हती, आजही मी तेच सांगेन. बाबा आले तर प्रत्येक वॉकचे त्यांना शंभर रुपये वेगळे द्या. सकाळी त्यांना मोह वेचू द्या, वॉक संध्याकाळी ठेवा.

साहेबांनी दोन दिवस घेतले. दिल्लीला फोन झाले असावेत. शेवटी संध्याकाळचा वॉक आणि शंभर रुपये मान्य झाले. त्यावर साहेबांनी स्वतःची एक कल्पना काढली: पाहुण्यांना सकाळी मोहवेचणी बघायलाच न्यावं, त्याचे वेगळे पैसे लावावेत. मला वाटलं बाबा नाही म्हणतील. ते म्हणाले, येऊ दे, पण टोपली माझी. म्हणून त्या एप्रिलमध्ये एक इंग्रज बाई आणि पुण्याचं एक कुटुंब पहाटे साडेपाचला बाबांच्या झाडाखाली वाकून फुलं वेचत होतं, आणि बाबा विडी ओढत बाजूला बसून, कुणी कच्ची फुलं टाकली की बोटाने दाखवत होते. त्याचेही शंभर. नातीने मला नंतर सांगितलं, बाबांनी पाहुण्यांनी वेचलेली फुलं वेगळी वाळवली, कारण त्यांत काड्या फार होत्या.

हजेरीपुस्तकात मात्र ‘माळी’च राहिलं. ते बदलायला न्यायालय लागलं, आणि त्या न्यायालयाला बाबा माहीत नव्हते.

२४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवलं. पावसाळा होता, उद्यान तसंही बंद, त्यामुळे पहिला महिना कुणाला झळ लागली नाही. मग दसरा-दिवाळीची बुकिंगं रद्द होऊ लागली. गेटवरच्या गाइडांकडे ना पगार, ना कागद. गाडी नाही तर फी नाही. माझ्या ओळखीची कितीतरी पोरं नागपूरला बांधकामावर गेली, काही परत आली नाहीत. बऱ्याच लॉजनी लोकांना “बोलावू तेव्हा या” सांगितलं. आमच्याकडेही तसं पत्र आलं. मी माझा तीन वर्षांपूर्वीचा पॅडवरचा कागद दाखवला, पावसाळ्यात अर्धा पगार. साहेब म्हणाले, हा पावसाळा नाही, ही बंदी आहे. मी म्हटलं, सर, गेट बंद आहे, कारण तुमचंही नाही आणि माझंही नाही. त्यांनी सप्टेंबरचा अर्धा पगार दिला. ऑक्टोबरचं बघू म्हणाले.

पण थोडे पाहुणे तरी येत होते, आगाऊ पैसे भरलेले, किंवा बातम्या न वाचणारे. त्यांना दाखवायचं काय? गाभा बंद, बफर उघडं. लॉजकडे विकायला उरले होते ते बाबांचे वॉक. तीन आठवडे त्या लॉजची सगळी कमाई हजेरीपुस्तकातल्या एका माळ्याच्या डोळ्यांवर चालली. पाहुणे वाघ बघायला आले होते आणि वारुळ, विष्ठा, ओरखडे, पिसं बघून परत जात होते. सगळेच खूश होते असं नाही. पण वाघ दिसणारच नाही हे आधीच माहीत असल्यामुळे कुणी आमच्याकडे वाघ मागितला नाही. टिप मिळत होती, आणि ती पूर्वीपेक्षा फार कमी नव्हती. हे मी डब्यातल्या वहीत लिहून ठेवलं आहे.

१६ ऑक्टोबरला न्यायालयाने बंदी उठवली. नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, गाभ्याच्या वीस टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नको असं ठरलं. फोन पुन्हा वाजू लागले. पाहुणे भरायच्या आत, साहेबांना अजून ते तीन आठवडे आठवत होते तेव्हाच, मी नवा कागद लिहून नेला. या वेळी त्यावर दोन नावं होती. माझे साडेआठ हजार मागितले, साडेसात झाले. बाबांचे सहा मागितले, साडेचार झाले. वॉकचे दीडशे वेगळे. हजेरीपुस्तकात ‘माळी’ खोडून काय लिहायचं यावर अडलं. ‘गाइड’ लिहिलं तर खात्याचा गाइड वेगळा असतो म्हणाले, ‘नॅचरॅलिस्ट’ लिहायला साहेबांचा हात होईना. ‘ट्रॅकर’ लिहिलं. साडेसात आणि साडेचार यांतला फरक मी कमी करू शकलो नाही. इंग्रजीचे पैसे असतात, असं साहेब म्हणाले.

संध्याकाळी मी कागद बाबांना वाचून दाखवला. ते अंगणात बसून कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होते. पगाराच्या ओळीला ते काही बोलले नाहीत, ट्रॅकरला हसले. मार्चचे तीन आठवडे सकाळी सुट्टी, ही ओळ त्यांनी दोनदा ऐकली. मग म्हणाले, पावसाळ्याची ओळ पुन्हा वाच. मी वाचली. त्यांनी दांडा खाली ठेवला, हात पुसला आणि शाईचा डबा पुढे ओढला.